वाटीभर चीज सूप : मुंबईच्या दुधाचा, चीजचा आणि ‘प्रथिनां’चा इतिहास
#धागा #खाद्येतिहास #मुंबई

१/
पावसाळा सुरू झाला की समाजमाध्यमांवर एका पाककृतीला हमखास बहर येतो : भाज्या आणि चीज घातलेले, दाटसर, ‘भरपूर प्रोटीन’ असलेले सूप, तेही घरच्या घरी. मालाडमधल्या आमच्या स्वयंपाकघरातही ते गेल्या आठवड्यात झाले. वरकरणी हा पदार्थ परका आणि अगदी अलीकडचा वाटतो. परंतु त्यातील एकेक जिन्नस उचलून ‘तू इथवर कसा आलास?’ असे विचारू लागलो, की धागा थेट मुंबईच्या दूधटंचाईपर्यंत जातो. आज तोच धागा उलगडू या.

२/
आरंभ नावापासून. संस्कृतात ‘सूप’ म्हणजे डाळीचा पातळ, शिजवलेला पदार्थ. स्वयंपाक्याला ‘सूपकार’ आणि पाकशास्त्राला ‘सूपशास्त्र’ म्हणत. यावरून ‘इंग्रजी सूप हे आपल्याच सूपावरून आले’ असे संदेश फिरत असतात. ते बरोबर नाही. इंग्रजी शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ रश्शात भिजवलेला पावाचा तुकडा असा होता. धान्य पाखडायचे आपले मराठी सूप तर तिसरेच. ते ‘शूर्प’ या शब्दापासून आले.

३/
शब्द उसना असला, तरी कल्पना उसनी नाही. आयुर्वेदाच्या संहितांमध्ये ‘यूष’ नावाचा वर्ग आहे. मूग, कुळीथ यांसारखी कडधान्ये भरपूर पाण्यात शिजवून केलेले हे पेय. स्नेह आणि मसाला न घातलेला तो अकृत यूष, घातलेला तो कृत यूष. आजाऱ्याला, उपवास सोडणाऱ्याला, अशक्त माणसाला मुगाचा यूष द्यावा, असा संकेत. मराठी घरांत तापातून उठलेल्या माणसाला आजही मुगाचे कढण देतात. तो याच परंपरेचा जिवंत अवशेष आहे.

४/
म्हणजे ‘पचायला हलके, अंगी लागणारे, पातळ अन्न’ ही गरज जुनीच आहे. तिच्यात चीज कधी आले, हा खरा प्रश्न. येथे एक लोकप्रिय समज आडवा येतो. भारतात दूध नासवणे निषिद्ध होते. पोर्तुगीजांनी बंगालमध्ये ते शिकवले आणि मगच आपल्याकडे छेना-पनीर आले, असे अनेकदा सांगितले जाते. या समजाला छेद देणारा पुरावा दख्खनमध्येच आहे.

५/
कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातील ग्रंथ. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. राजाने काय खावे, काय पाहावे, कसे खेळावे, याचे विस्तृत वर्णन त्यात आहे. अन्नाच्या प्रकरणात तापवलेल्या दुधात आंबट ताक घालून ते फाडणे, कापडातून गाळणे, त्या चोथ्यात तांदळाचे पीठ मळून पदार्थ तळणे, अशी कृती येते. पोर्तुगीज किनाऱ्यावर येण्याच्या सुमारे पावणेचारशे वर्षे आधीची ही नोंद आहे.

६/
मात्र येथे एक भेद लक्षात ठेवावा. आंबट घालून फाडलेले दूध म्हणजे पनीर किंवा छेना. चीज वेगळे. ते बनवताना दूध रेनेटने, म्हणजे परंपरेने वासराच्या पोटातून मिळणाऱ्या विकराने, विरजतात. मग दही कापून, दाबून, मीठ लावून मुरवतात. आज वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेटही वापरतात. मराठी मुलखात पहिली पद्धत माहीत होती. दुसरी रुजली नव्हती.

७/
याला भाषाही साक्ष देते. मालाड ज्या साष्टी बेटावर वसले आहे, ते १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेले आणि १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी घेतले. दोनशे वर्षांच्या या सहवासातून मराठीला बटाटा, कोबी, पाव हे शब्द मिळाले. चीजसाठी पोर्तुगीज शब्द आहे ‘केजू’. तो प्रमाण मराठीत स्थिरावला नाही. आपण ‘चीज’ म्हणतो ते इंग्रजीवरून. वस्तू ज्या दाराने घरात येते, त्या दाराची खूण बहुधा तिच्या नावावर राहते.

८/
सूपातील भाज्यांचीही हीच गंमत. दुधी येथला फार जुना रहिवासी. मका आणि बटाटा अमेरिका खंडातून, पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने पश्चिम किनाऱ्यावर उतरले. फ्लॉवर इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात आला. म्हणजे एका पातेल्यात तीन कालखंड एकत्र शिजत असतात. पण दाटपणा आणणारा मुख्य जिन्नस दूध आणि चीज. आणि त्यांची गोष्ट मुंबईचीच आहे.

९/
आता १९४० च्या दशकातील मुंबई डोळ्यांपुढे आणा. दुसरे महायुद्ध चालू आहे. शहराची लोकसंख्या झपाट्याने वाढते आहे. दूध मिळते ते शहरातील दाट वस्तीतल्या तबेल्यांतून. त्यात पाणी, तेही अस्वच्छ, मिसळणे नित्याचे. मुंबईच्या दुधाचा नमुना लंडनला तपासला, तेव्हा तो तिथल्या गटाराच्या पाण्याहूनही दूषित निघाला, असा किस्सा वर्गीस कुरियन यांनी आपल्या आठवणींत सांगितला आहे.

१०/
तबेल्यांची आणखी एक काळी बाजू होती. गुजरात, काठियावाड, पंजाबकडून उत्तम दुभत्या म्हशी विकत आणल्या जात. शहरात वैरण महाग, जागा महाग. म्हणून आटलेली म्हैस पुन्हा गाभण होईपर्यंत पोसणे परवडत नसे. ती खाटकाकडे जाई. रेडकू तर त्याआधीच उपासमारीने मरे. शहराची दुधाची भूक देशातील उत्तम म्हशी अशा रीतीने संपवत होती. प्रश्न केवळ स्वच्छतेचा नव्हता.

११/
सरकारपुढे दोन मार्ग होते. एक : दूध बाहेरून आणणे. दोन : म्हशी शहराबाहेर नेणे. मुंबईने दोन्ही अवलंबिले. आपल्या वाटीतील चीज या दोन वाटांपैकी पहिलीवरून आले. दुसरी वाट मात्र मालाडच्या शेजारून जाते. आधी ती पाहू.

१२/
मालाड पूर्वेकडून दिंडोशी ओलांडून दक्षिणेला गेले की चित्रनगरी आणि आरेचा परिसर लागतो. १९४९ मध्ये येथे आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. क्षेत्र सुमारे १,२८७ हेक्टर. सुमारे १६,००० जनावरांची सोय. योजनेमागे होते मुंबईचे दुग्ध आयुक्त दारा खुरोडी. म्हशी खासगी मालकांच्याच. गोठे, पाणी, वैरण, पशुवैद्य यांची व्यवस्था सरकारी. आणि दूध सरकारने ठरलेल्या दराने घ्यायचे, अशी रचना.

१३/
पुढे काचेच्या बाटल्यांतले ‘आरेचे दूध’ मुंबईकरांच्या सकाळीचा भाग झाले. हाती कार्ड, केंद्रापुढे रांग, बाटलीच्या झाकणाच्या रंगावरून ओळखायचा दुधाचा प्रकार. आपल्या आजी-आजोबांना विचारून पाहा. रिकाम्या बाटल्या परत नेण्याचे काम घरातल्या धाकट्याकडे असे, हे बहुतेक जण सांगतील. शुद्ध दूध मिळणे हा तोवर पैशाचा प्रश्न होता. आता तो नागरिकाच्या हक्काचा भाग होऊ लागला.

१४/
खुरोडींचे दुसरे महत्त्वाचे काम म्हणजे ‘टोन्ड’ दूध. म्हशीच्या दुधात सुमारे ७ टक्के स्निग्धांश असतो. त्यात पाणी आणि सायविरहित दुधाची भुकटी मिसळून तो ३ टक्क्यांवर आणला, की एका लिटरचे दोन लिटरांहून अधिक दूध होते. पाणी घातल्याने जे कमी होते, ते भुकटी भरून काढते; प्रथिने जवळपास तेवढीच राहतात. भेसळ करणाराही पाणीच घाली, पण त्यात दुधाचा कस जाई. इथे तो राखून दूध अधिक तोंडांपर्यंत पोहोचवले गेले, आणि भावही उतरला.

१५/
ही यशोगाथा येथेच थांबवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आरेची जमीन रिकामी नव्हती. वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा आदिवासी समाजांचे पाडे तेथे वसाहतीच्या आधीपासून होते. वसाहत आली आणि ज्या जमिनीवर ते कसत होते, ती सरकारी ‘दुग्ध वसाहती’ची झाली. शहराला दूध मिळाले; पाड्यांना पाणी, वीज आणि जमिनीचा हक्क यांसाठी पुढे दीर्घकाळ झगडावे लागले.

१६/
नंतर त्याच जमिनीतून चित्रनगरीला वाटा मिळाला, इतर संस्थांना मिळाला; ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील झाडे तोडली गेली, तेव्हा आरे देशभर चर्चेत आले. त्या वेळी अनेकांना प्रथमच कळले की ‘आरे’ हे केवळ दुधाच्या केंद्रावरचे नाव नाही. आपल्या सकाळच्या चहाला एक भूगोल असतो आणि त्या भूगोलात माणसे राहत असतात.

१७/
आता पहिली वाट : दूध बाहेरून आणणे. १९४५ मध्ये ‘बॉम्बे मिल्क स्कीम’ सुरू झाली. दूध येणार होते गुजरातच्या खेडा जिल्ह्यातून, म्हणजे आणंदहून, चारशेहून अधिक किलोमीटर अंतरावरून. ते गोळा करण्याचा मक्ता मिळाला ‘पोल्सन’ या लोण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीला. मुंबईत दूध चढ्या भावाने विकले जाई. खेड्यातील शेतकऱ्याच्या हाती मात्र त्या वाढीचा वाटा पोहोचत नसे.

१८/
शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. सल्ला मिळाला : स्वतःची सहकारी संस्था काढा. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली. सरकारने मागणी फेटाळली, तेव्हा शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणे बंद केले. मुंबईला खेड्याहून थेंबभर दूध मिळाले नाही. सरकार नमले. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. हाच पुढचा ‘अमूल’.

१९/
येथे कथेला निर्णायक वळण मिळते. म्हैस हिवाळ्यात भरपूर दूध देते, उन्हाळ्यात कमी. मुंबईची गरज मात्र बारमाही सारखी. म्हणून हिवाळ्यात मुंबई जास्तीचे दूध घेईना. शेतकऱ्याने म्हशीला काय सांगावे, आज दूध देऊ नकोस? दूध टिकवायचे तर त्याचे लोणी आणि भुकटी करणे भाग होते. पण परदेशी तज्ज्ञांचे मत होते की म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही.

२०/
हरिचंद दलाया या दुग्धतंत्रज्ञाने ती करून दाखवली. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी, सरदारांच्या जन्मदिनी, पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते आणंदच्या नव्या डेअरीचे उद्घाटन झाले. भुकटी आणि लोण्यानंतर पुढील काही वर्षांत म्हशीच्या दुधाचे चीजही तेथे होऊ लागले. तेही सोपे नव्हते : म्हशीच्या दुधात स्निग्धांश आणि कॅल्शियम गाईच्या दुधाहून अधिक, त्यामुळे दही लवकर आणि घट्ट बसते, चीज मुरायला मात्र वेळ लागतो. युरोपातील पद्धत जशीच्या तशी चालत नाही.

२१/
तेव्हा साखळी अशी लागते : मुंबईला दूध हवे → खेड्यात मक्तेदारी → शेतकऱ्यांचा संप → सहकारी संघ → हिवाळ्यातले दूध मुंबईला नको → कारखाना → लोणी, भुकटी, चीज. मध्यमवर्गीय भारतीय घरात जे चीज पोहोचले, त्याच्या मुळाशी युरोपीय चवीची ओढ कमी आणि मुंबईने नाकारलेले दूध अधिक होते. वाया जाऊ पाहणाऱ्या दुधाला भाव मिळावा, ही त्यामागची निकड होती.

२२/
या प्रवासात खुरोडी आणि कुरियन अनेकदा समोरासमोर उभे ठाकले. एकाला शहराची चिंता, दुसऱ्याला शेतकऱ्याची. मुंबईसाठी स्वस्त आयात भुकटी घ्यावी की आणंदचे दूध, यावर त्यांचा तीव्र मतभेद होता. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार मात्र खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना एकत्र मिळाला. इतिहासाला कधी कधी भांडणाऱ्या दोघांचीही गरज असते.

२३/
चौकोनी क्यूब किंवा डब्यातले चीज हे ‘प्रक्रिया केलेले चीज’. त्याचा शोध १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी लावला. हेतू होता, स्विस चीज उष्ण देशांपर्यंत न बिघडता पोहोचावे. त्यांनी चीज वितळवून त्यात सायट्रेट क्षार मिसळले. या क्षारांमुळे तेल आणि पाणी वेगळे होत नाही. म्हणूनच क्यूब सूपात मऊसूत विरघळतो आणि पनीर कितीही उकळले तरी तुकड्यांतच राहते.

२४/
आता उरला ‘भरपूर प्रोटीन’ हा शिक्का. त्यालाही इतिहास आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत जागतिक पोषणशास्त्रावर ‘प्रथिनांची दरी’ ही कल्पना आरूढ झाली होती. गरीब देशांतील मुले कुपोषित आहेत ती प्रथिनांच्या अभावी. म्हणून त्यांना दुधाची भुकटी, प्रथिनयुक्त पीठे द्यावीत, असा विचार. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या ‘प्रथिन-संकटा’वर अहवालच काढला.

२५/
या मताला आव्हान देणाऱ्यांत एक मराठी नाव ठळक आहे : पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातील बुध या गावी. संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी दीर्घकाळ सांख्यिकी विभागाचे प्रमुखपद सांभाळले. भारतातील आहाराच्या आकडेवारीवरून त्यांनी दाखवले की धान्य आणि डाळ पोटभर मिळाली, तर बहुतेकांना पुरेशी प्रथिनेही मिळतात.

२६/
त्यांचा मुद्दा नीट समजून घ्यावा. अन्नच अपुरे असेल, तर शरीर खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. मग प्रथिनांची उणीव दिसते; पण मूळ उणीव अन्नाची असते. अशा मुलाला महागडी प्रथिन-भुकटी देणे म्हणजे भुकेल्याला औषध देण्यासारखे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन यांचे संशोधनही याच दिशेने जात होते. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रथिनांच्या या साऱ्या प्रकरणाचे वर्णन एक महाफजिती असे केले.

२७/
सुखात्मे यांची सर्वच मते टिकली, असे नव्हे. माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर कमी अन्नाशी काही प्रमाणात जुळवून घेते, या त्यांच्या नंतरच्या प्रतिपादनावर पुण्याच्याच वि. म. दांडेकर यांनी कठोर टीका केली. त्यामुळे दारिद्र्याचे प्रमाण कमी दाखवले जाईल, अशी भीती होती. भुकेची व्याख्या हा शास्त्राचा प्रश्न असतो, तसाच राजकारणाचाही. ‘किती पुरेसे?’ हे ठरवणाऱ्याच्या हाती कोणाला रेशन मिळणार, हेही ठरते.

२८/
आता एवढा इतिहास हाताशी असताना सूप कसे करावे? तीन-चार जणांसाठी : मुगाची डाळ ५० ग्रॅम, एक कांदा, चार लसूणपाकळ्या, वाटीभर दुधीच्या फोडी, एक गाजर, फ्लॉवरचे थोडे तुरे. चमचाभर तुपावर कांदा-लसूण परतावा, भाज्या आणि धुतलेली डाळ घालावी, तीन वाट्या पाणी ओतून कुकरला तीन-चार शिट्ट्या कराव्यात. थंड झाल्यावर मिक्सरमधून काढावे. दाटपणा डाळ आणि दुधीनेच येतो. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लागत नाही.

२९/
मग मंद आचेवर ठेवून २०० मिलिलिटर कोमट दूध हळूहळू घालावे. यात टोमॅटो किंवा लिंबू घालू नये. आंबट पडले की दूध फाटते. सोमेश्वराच्या मुदपाकखान्यात जे मुद्दाम केले जाई, तेच आपल्या सूपात अपघाताने होईल. शेवटी गॅस बंद करून चीजचे दोन क्यूब, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, किसून ढवळावेत. चीज घातल्यावर उकळू नये; प्रथिने आकसून सूप रवाळ होते. मिरपूड वरून. मीठ सगळ्यात शेवटी, चव पाहून, कारण चीज मुळातच खारट असते.

३०/
आता हिशेब. ५० ग्रॅम मूगडाळीत सुमारे १२ ग्रॅम प्रथिने. ५० ग्रॅम चीजमध्ये सुमारे १०. दुधात सहा-सात. भाज्यांचे दोन-तीन. एकूण तीसेक ग्रॅम. तिघांत वाटले तर प्रत्येकी दहाच्या आसपास. म्हणजे ‘हाय-प्रोटीन चीज सूप’ म्हणून ज्याची जाहिरात होते, त्यात पहिला मान डाळीचा आहे. चीज वगळले तर सूप चवीला थोडे कमी पडेल. डाळ वगळली तर प्रथिनेही बरीच कमी होतील आणि दाटपणाही.

३१/
आणि हे सुखात्मे यांच्या मताशी सुसंगतच आहे. आहारशास्त्राचा कल बदलतो, जाहिरातींचे शब्द बदलतात. संहितांतील मुद्गयूष आणि आजीचे कढण मात्र या पातेल्याच्या तळाशी आहेतच. वर तरंगणारा दाटपणा गेल्या शतकाचा : खेड्याच्या शेतकऱ्यांच्या संपाचा, खुरोडींच्या हिशेबाचा, दलायांच्या हिकमतीचा. आरेच्या पाड्यांवरील माणसांनी मोजलेली किंमत या वाटीत दिसत नाही. म्हणूनच ती मुद्दाम सांगावी लागते.

३२/
धाग्याचे सूप वाजवण्यापूर्वी एक विनंती. आपल्या घरी आरेच्या बाटल्यांच्या, दूधकार्डांच्या, घरी चीजचा पहिला डबा आला त्या दिवसाच्या आठवणी असतील, तर खाली लिहा. आजी-आजोबांकडून ऐकलेल्या असतील, तर साल आणि वस्तीचे नाव विचारून घ्या. मुंबईच्या दुधाचा इतिहास सरकारी अहवालांत आहे. पण त्या रांगेत पहाटे उभे राहिलेल्यांचा इतिहास बहुतेक घरांतच आहे, आणि तो सांगणारी पिढी आता उरलेली थोडी आहे.

धागा समाप्त.